बाहेरून कुलूप, आत माणसं

समोर असले की मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते. आत्ता ते समोर नाहीत आणि माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून इथे तो नुसता फारुक.

फारुक जहाजावर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नऊ महिने समुद्रावर, मग घरी. समुद्रावर असेपर्यंत पगार. उतरला की कंपनीचा पुढचा कॉल येईपर्यंत छदाम नाही. पण हे आमच्या राजिवडा मोहल्ल्यात कुणाला सांगून पटत नाही. जहाजावरचा माणूस घरी आला की दारात रांग. कुणाला परफ्यूमची बाटली हवी, कुणाला उसने पैसे, कुणाला आपला भाचा जहाजावर चिकटवायचा असतो. त्यावर आमच्याकडे एक युक्ती चालते. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि मागीलदाराने ये-जा करायची. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, पण ते तोंड उघडत नाहीत, कारण उद्या त्यांनाही तेच करायचं असतं. बाकीच्यांना वाटतं, गेला परत. मुंबईला नाहीतर कुवेतला गेलेल्यांची बंद घरं इथे पावलोपावली असतात, त्यात आणखी एक.

एरवी हे कुलूप आठ-पंधरा दिवसांचं. यंदा फारुकने ते चार महिने काढलं नाही. खरं सांगते, मला मौजच वाटली. नवरा घरात, पाहुण्यांची कटकट नाही, पडवीत बसून कोळंबी सोलून देतोय. बाईला आणखी काय हवं?

मग एका मंगळवारी दुपारी पुढच्या दाराशी पावलं वाजली. फारुक मासे आणायला मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला होता. मी दाराला कान लावला.

"कुलूपच आहे, मॅडम," एक पुरुष म्हणाला. "पत्रं परत आली ती याचमुळे."

"मग नोटीस दारावर चिकटवा, आत्मारामदादा, आणि फोटो काढा," बाईचा आवाज आला. "इथे कोणी राहत नाही वाटतं. रिकामं असलं तर पुढे ताबा घ्यायला त्रास नाही."

आत गॅसवर माझं सालन रटरटत होतं आणि ही बाई माझ्या घराला रिकामं म्हणत होती! मी दार ओढलं. ते कसलं उघडतंय? शेवटी हातातली पळी तशीच घेऊन मागीलदाराने निघाले आणि घराला वळसा घालून पुढे आले.

"रिकामं कोण म्हणतंय? मी काय भूत हाय?"

आत्माराम दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या हातातली डिंकाची बाटली पायरीवर सांडली. बाई मात्र जागची हलली नाही. बँकेची अधिकारी होती, तेजस्वी नावाची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची.

"मैमुनाताई तुम्हीच? मग ही नोटीस तुमच्याही नावाची आहे. गृहकर्जावर तुमची सही आहे. चार हप्ते थकलेत."

सही केली होती खरी. फारुकने बोट ठेवलं तिथे केली होती. तेवढ्यात फारुक मासळीची पिशवी घेऊन आला. त्याचा चेहरा बघितला आणि मला काही विचारायची गरज उरली नाही.

बँकेच्या दोघांना मी मागच्या पडवीत बसवलं आणि चहा ठेवला. राग आला की मी चहा ठेवते, नाहीतर पळीचा उपयोग वेगळा झाला असता.

"आजपासून साठ दिवस आहेत," तेजस्वी म्हणाली. "पत्र न घेतल्याने नोटीस टळत नाही. साठ दिवसांत काही केलं नाही, तर ताबा आणि मग लिलाव."

"मी एका सावकाराशी बोललोय," फारुक हळूच म्हणाला. "चार हप्ते एकदम टाकतो."

"हे कर्ज फेडायला त्याहून महाग कर्ज? दादा, घर आमच्याकडून सुटेल आणि त्याच्याकडे अडकेल. त्यापेक्षा अर्ज लिहा. पगार का थांबला, पुढे कधी सुरू होईल, सगळं खरं लिहा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. बँक नाही म्हणू शकते, पण पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. सोबत थकलेल्यातलं जमेल तेवढं भरा, म्हणजे तुमच्या बोलण्याला वजन येईल. आणि काहीच जमलं नाही, तर घर तुम्हीच विका. लिलावापेक्षा भाव बरा येतो."

विका म्हणाली तेव्हा फारुकने मान खाली घातली. "लाज वाटली," तो म्हणाला. "आज कॉल येल, उद्या येल... कुणाला सांगणार?"

"मला!" मी ओरडले. आत्मारामांच्या बशीत चहा हिंदकळला.

अर्ज मी लिहिला, सही दोघांनी केली. फारुकची बुलेट विकली, दोन हप्ते भरले. माडीवरच्या ज्या खोलीत तो कुणाला चप्पल घालून पाऊल टाकू देत नसे, ती सिव्हिलमधल्या दोन नर्सना भाड्याने दिली. भाडेकरू हवेत हे तोच मोहल्लाभर सांगत फिरला. का हवेत, हेही सांगितलं. कॉल येईपर्यंत तो ट्रॉलरवर दोरखंडाच्या कामाला जातो. अर्ज दिल्यापासून तेराव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. मुदत पाच वर्षं वाढली, हप्ता उतरला. मी ते पोस्टमनसमोर सही करून घेतलं, दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावून रडले.

संध्याकाळी फारुक कामावरून आला, त्याने पत्र वाचलं. मग म्हणाला, "मैमुना, तुला मी आधी सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"हेच," मी म्हटलं. "चार महिने आधी."