पहिला नंबर बापाचा

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. दोन्ही हात प्लास्टरने बरबटलेले असताना फोन वाजत राहिला. हात धुऊन बघते तर शाळेचे चार मिस्ड कॉल.

धापा टाकत ती शाळेत पोचली. आठ वर्षांची लेक ऑफिसच्या बाकावर मुटकुळं करून पडली होती. अंग नुसतं भाजत होतं.

"दीड तास झाला," क्लार्कबाई म्हणाल्या. "आईलाच सवड नाही म्हणजे कमाल आहे."

तिची मान खाली गेली. ही तिची नेहमीचीच गत. लेक रडली की मोबाइल, रुसली की खाऊ. दिवसभर आपण घरी नसतो, मग 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं? नवऱ्याचं उलटं. टाइल्सच्या दुकानातून तो आठला यायचा आणि दिवसभराची शिस्त अर्ध्या तासात ओरडून उरकायचा.

सही करताना तिला शाळेचा फॉर्म दिसला. त्यात संपर्कासाठी पहिला नंबर नवऱ्याचा होता.

"ह्यांना केला होता फोन?"

"बाबांना? अहो, ते कामात असतील ना."

"आणि मी काय पत्ते कुटत होते? आता लावा. माझ्यासमोर."

बाईंनी मुकाट्याने स्पीकरवर लावला. त्याने लगेच उचलला. "ताप? मग तिच्या आईला सांगा ना. माझ्यासमोर गिऱ्हाईक आहे."

"आईच ऐकतेय," ती म्हणाली आणि फोन आपटला.

संध्याकाळी तो दारातूनच सुरू झाला. "काल आइस्क्रीम कोणी दिलं? तूच डोक्यावर चढवून ठेवलंयस हिला!"

"हो, मीच दिलं. भीत भीत दिलं. आठ वर्षं झाली, मी आपल्याच पोरीला घाबरतेय! उद्या तू राहा घरी."

"मला सुट्टी मिळत नाही."

"मागितलीस कधी?"

दुसऱ्या दिवशी तो राहिला. दुपारी त्याचा फोन आला. "ही औषध थुंकतेय. ओरडलो तर आणखीच रडतेय."

"मग ओरडू नकोस," म्हणून तिने फोन ठेवला.

ती घरी आली तेव्हा तो धुमसत होता. "सकाळी सुट्टी मागायला दुकानात गेलो, तर शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, बायको काय करते मग? फिदीफिदी हसले सगळे!"

"तुला निदान हसतात. मला दोष देतात."

तेवढ्यात लेक उठून बसली. "मला खाली खेळायला जायचंय."

पोरीच्या अंगात अजून कणकण होती. 'बरं, पाच मिनिटं' हे शब्द आईच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"नाही. झोपून राहा."

लेकीने भोकाड पसरलं. "तू वाईट आहेस!"

तो ओरडणार, एवढ्यात तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं. लेक रडून रडून दमली, झोपली. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होते. आईचा नवऱ्यावरचा राग काही गेला नव्हता. पण पोर रडत होती तेव्हा ती समजूत घालायला उठली नव्हती, आणि त्याबद्दल तिला अपराधीही वाटलं नाही.