अणदूरचा मुका भाता

मित्रांनो, मी एक जुना भाता आहे. लोहाराच्या भट्टीतला निखारा फुलवायला जो वारा लागतो, तो पुरवणारा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की रडगाणे गातात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या कातड्याला चार ठिगळे आहेत, एक फळी उंदराने कुरतडली आहे, पण अणदूरच्या पंचक्रोशीत माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्या भात्याला मिळाला असेल, तर त्याने खुशाल पुढे येऊन सांगावे.

माझा जन्म बेंबळीचा. धोंडीबा नावाचा एक कारागीर तिथे विहिरीच्या मोटा शिवायचा. त्याने शिवलेल्या मोटेतून पाण्याचा थेंब गळत नसे. त्याच्या मनात आले, जे कातडे पाणी धरते ते वाराही धरील. म्हणून तो भाते करू लागला. सगळे भाते एका पोटाचे असतात. दांडा ओढला की वारा जातो, सोडला की थांबतो. धोंडीबाने मला दोन पोटे दिली. खालच्या पोटातला वारा वरच्यात जायचा आणि वरच्यावर ठेवलेल्या दगडाच्या वजनाने हळूहळू नळीतून बाहेर पडायचा. दांडा खाली असो की वर, माझा श्वास तुटत नसे.

धोंडीबाला वाटले, आता गिऱ्हाइकांची रांग लागेल. लागली ती कोंबड्यांची. माझ्या पाठीवर बसायला त्यांना छान जागा झाली होती.

याचे कारण आमच्याकडची भाता पारखण्याची रीत. घेणारा लोहार आपल्या फेट्याचा शेमला, म्हणजे सुटे टोक, नळीसमोर धरतो. ज्या भात्याने शेमला दूर उडेल तो भाता चांगला, आणि भाता जितका गरजेल तितका आणखी चांगला. माझ्या शेजारी ढोल्या नावाचा एक दांडगा भाता होता. त्याचा दांडा ओढला की सांडाने हुंकार द्यावा तसा आवाज यायचा. मी मात्र नुसता फुसफुसायचो. लोक मला ‘मुका’ म्हणू लागले. वर्षभर मी तसाच पडून होतो, आणि खरे सांगतो, एकदोनदा मलाही वाटले की आपल्यातच काहीतरी खोट असावी.

मग एके दिवशी अणदूरचा शरणबसप्पा लोहार आणि त्याची बायको इरम्मा गाडीने बेंबळीला आले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते ते. हैदराबादच्या सडकेवर कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या लॉऱ्या खोकत जायच्या. निजामाच्या राज्यात लोखंड औषधालाही मिळेना झाले होते. अशा दिवसांत शरणबसप्पाची पत जायची वेळ आली होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवतात, तिची दोन टोके भट्टीत पांढरीशुभ्र तापवून एकमेकांत सांधावी लागतात. शरणबसप्पाने सांधलेल्या तीन धावा वर्षभरात उकलल्या. तिसरी उकलली ती बलभीमच्या गाडीची, भर उतारावर. बैल गुडघ्यावर आला. गावात एकच बोलणे सुरू झाले, की म्हाताऱ्याचा हात गेला.

अणदूरचे पाटील आण्णासाहेब. त्यांनी मोठ्या खटपटीने सोलापुराहून लोखंडाची एक पट्टी मिळवली आणि शरणबसप्पासमोर टाकली. “शरणाप्पा, ही शेवटची संधी. खंडोबाच्या जत्रंला गाड्या निघायच्या आत बलभीमची धाव चढली पायजे. सांधा टिकला तर गावचं काम तुमचंच. उकलला तर उमरग्याचा लोहार आणून बसवतो. मग म्हणू नका.”

चार पिढ्यांची भट्टी होती ती. शरणबसप्पाचा जुना भाता फाटला होताच. त्याने ठरवले, आता असा दणदणीत भाता घ्यायचा की त्याच्या आवाजानेच गावाचे तोंड बंद व्हावे. इरम्माला त्याने बरोबर आणले होते ते वाटेची भाकरी बांधून घ्यायला. भाता निवडायला बायकोला विचारतो कोण?

रीतीप्रमाणे त्याने शेमला धरला. ढोल्याने हुंकार दिला आणि शेमला ताडकन उडाला. शरणबसप्पाच्या मिशा हसल्या. धोंडीबाने मग मला पुढे ओढले, दांडा हलवला. शेमला अर्धा उचलला गेला, बस्स.

“ह्यो मुका दिसतो की रं!” शरणबसप्पा म्हणाला. “ह्यो निखारा फुलवंल का त्याला अंगाई म्हणंल?”

सगळे हसले. इरम्मा हसली नाही. ती कुंपणापाशी गेली, वेचणीतून राहून गेलेल्या बोंडातला कापूस तिने ओढून आणला आणि लुगड्याच्या दशीला चिमूटभर बांधून नळीसमोर धरला.

“धोंडीबादादा, आदी त्यो मोठा भाता वडा.”

ढोल्या गरजला. कापूस उडाला, पडला. उडाला, पडला.

“आता ह्यो.”

मी फुसफुसलो. कापूस वर गेला आणि वरच राहिला. धोंडीबाने दांडा खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला. कापूस पडेच ना. मित्रांनो, वर्षभराने कोणीतरी माझ्याकडे नीट बघत होते, आणि ते कळल्यावर माझ्या दोन्ही पोटांत काय झाले ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

“ह्यो घ्या,” इरम्मा म्हणाली.

शरणबसप्पाचा चेहरा लाल झाला. चारचौघांत बायको बोलली होती. “तुला काय कळतं गं त्यातलं? तीस वर्सं घन म्या मारला!”

“आन तीस वर्सं वारा म्या वडला,” इरम्मा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण डोळे भरले होते. “तुमचा हात न्हाय गेला. वारा तुटतो. दांडा वर नेला की निखारा मान टाकतो, लोखंड वरनं पांढरं दिसतं पर पोटात थंड ऱ्हातं. त्यो सांधा नुसता चिकटतो, एक व्हत न्हाय. आपला भाता चिरला तवापासनं म्या रोज बघतीया.”

“मग इतकं दिस बोलली का न्हाईस?”

“तुमी इचारलं कवा?”

शरणबसप्पाने एकदा त्या कापसाकडे बघितले. मग त्याने धोंडीबाला मान हलवून खूण केली. भात्याच्या बदल्यात दोन वर्षे धोंडीबाच्या सगळ्या हत्यारांना धार लावून द्यायची, असा सौदा झाला. माझ्या पाठीवरच्या कोंबड्या हाकलल्या गेल्या. ढोल्या तिथेच राहिला. खोटे कशाला बोलू, निघताना मी त्याच्याकडे एकदा वळून बघितले.

बायकोने निवडलेला भाता ही गोष्ट गावात कशी सांगायची, हे वाटभर शरणबसप्पाला उमजत नसावे. पण आमच्या येण्याआधीच बातमी वेशीत पोचली होती. बाजारहाटाची माणसे तिखटमीठ लावूनच बातमी नेतात.

धाव सांधायच्या दिवशी भट्टीपुढे निम्मे गाव जमले. आण्णासाहेब बाजेवर बसले होते. धाव बलभीमच्या गाडीची, म्हणून घन मारायला तोच उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, “मामा, भाता आणला का मांजर? फुसफुसतंय नुसतं.”

शरणबसप्पा धास्तावला होता. लोखंडाची पट्टी एकच होती. जळाली तर दुसरी कुठून आणणार? त्याने वाकवलेल्या धावेची दोन टोके निखाऱ्यात ठेवली. इरम्माने माझा दांडा धरला.

मित्रांनो, त्या दिवशी मी जसा वारा दिला तसा पुन्हा कधी दिला नसेन. निखारा आधी तांबडा झाला, मग पिवळा, आणि त्याने मान म्हणून टाकली नाही. पण इथेच घात व्हायचा होता. शरणबसप्पाला जुन्या भात्याची सवय. तीस वर्षे तो मनात एक ठरावीक वेळ धरून थांबायचा आणि मग लोखंड काढायचा. माझ्या वाऱ्याने लोखंड त्याच्या निम्म्या वेळात तापले होते. पहिली ठिणगी तडतडली. आणखी दोन श्वास गेले असते तर लोखंड जळून त्याची चाळणी झाली असती.

“काढा!” इरम्मा ओरडली.

भट्टीवर हुकूम लोहाराचा असतो. भाता ओढणारीने लोहाराला हुकूम द्यायचा, असे त्या भट्टीत चार पिढ्यांत घडले नव्हते. शरणबसप्पाने क्षणभर तिच्याकडे बघितले.

आणि काढले.

सांध्यात मळी अडकू नये म्हणून चिमूटभर वाळू पडली, बलभीमचा घन पडला, ठिणग्या लोकांच्या पायांपर्यंत गेल्या. घनामागून घन. दोन टोकांची एक पट्टी झाली, आणि शिवण कुठे होती ते बोटाने चाचपूनही कळेना.

आण्णासाहेब उठले. “दोर लावा. लिंबाला टांगा.”

धाव थंड झाल्यावर लिंबाच्या फांदीला टांगली. सांधा कच्चा असेल तर लोखंड भद्द वाजते. आण्णासाहेबांनी बलभीमच्या हातात हातोडी दिली. “तुझी गाडी, तुझा बैल. तूच वाजव.”

बलभीमने बरोब्बर सांध्यावर हातोडी हाणली. घण्ण! देवळातली घंटा वाजावी तसा नाद निघाला. त्याने पुन्हा मारली, आणखी जोरात. पुन्हा तोच नाद. मग बलभीमने हातोडी खाली ठेवली आणि शरणबसप्पाचे पाय धरले. “मामा, हात गेला म्हनलो व्हतो. जीभ झडू दे माझी.”

शरणबसप्पाने त्याला उठवले. साऱ्या गावादेखत म्हणाला, “हात माझा कवाच गेला नव्हता रं. वारा तुटत व्हता. त्यो कसा जोडायचा ते मला ठावं नव्हतं, हिला ठावं व्हतं.”

इरम्माने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, हे जवळ असूनही मला कळले नाही. दोन्ही असावे.

उमरग्याचा लोहार आला नाही. जत्रेला बलभीमची गाडी सगळ्यांत पुढे गेली आणि धाव जशीच्या तशी घेऊन परत आली. मग बेंबळीच्या अंगणात दोन पोटांच्या भात्यासाठी खरोखरच रांग लागली, आणि लोहार भाता घ्यायला येताना कनवटीला कापूस घेऊन येऊ लागले. बायकांनाही आणू लागले, भाकरी बांधायला नव्हे.

पुढे निजामाचे राज्य गेले. सडकेवरच्या लॉऱ्या पुन्हा पेट्रोलवर धावू लागल्या. माझा श्वास मात्र अजून तुटलेला नाही, कारण इरम्मा दर महिन्याला माझ्या कातड्याला करंजाचे तेल चोळते आणि चीर दिसली की त्याच दिवशी शिवते. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असेल, आवाज न करता राबणारे. त्याला वेळेवर तेलपाणी करा. काम बिघडले तर कोणाच्या हाताला बोल लावण्याआधी, वारा ओढणाऱ्याला एकदा विचारा.

खंडेनवमीला लोहाराकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी त्या भट्टीत पहिली विभूत ऐरणीला लागायची, मग घनाला, आणि उरलीच तर भात्याला. बलभीमच्या धावेनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला शरणबसप्पा विभूतीचे ताट घेऊन आला, ऐरणीपाशी थांबला, आणि वळून ताट इरम्माच्या हातात दिले.

“आदी तुझ्या भात्याला लाव,” तो म्हणाला. “मग बाकीच्यांचं बगू.”

तेव्हापासून पहिली विभूत माझी.