बावन्न मुलांचा शिक्का

मी एक जुना शाईचा पॅड आहे. मळमड्डीतल्या एका मराठी शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यामागे मला टाकले आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. नाहीतर माझ्या कापडात पेन्सिलीची टोके खुपसणाऱ्यांशी माझी मैत्री कसली?

पत्र्याची डबी, आत जाड थर, वर पातळ कापड, एवढेच माझे शरीर. मला हवी थोडी शाई आणि वर एक झाकण. शाई कधीतरी मिळायची. झाकण तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, मार्चमध्ये, भुंगा ठेवायला नेलेत ते परत आणले नाहीत. अक्षरेही मला उशिराच कळली. शिक्क्यावर ती उलटी असतात. कित्येक वर्षे अंगावर आपटून घेतल्यावर ती सरळ वाचता येऊ लागली.

माझ्या मालकीणबाई शुभांगी. इकडे कानडी मुलखात शिक्षिकेला अक्कोरू म्हणतात, म्हणून त्या शुभांगी अक्कोरू. आधी मराठी मंडळाने त्यांना कार्यवाह केले, कारण शाळेची इमारत मंडळाची आणि पत्रे लिहायला कुणी तयार नव्हते. मग शिक्षक संघाने चिटणीस केले, कारण बाकीचे सभेला येत नव्हते. मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या, नव्या आल्याच नाहीत आणि अक्कोरू प्रभारी मुख्याध्यापिका झाल्या. दरवेळी एक शाल, एक नारळ आणि एक शिक्का. तिन्ही शिक्के माझ्याच अंगावर उमटत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही माझ्यासाठी शाईची बाटली आणली नाही.

गेल्या जूनमध्ये शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आले. शाळेत प्रत्यक्ष किती मुले आहेत ते कळवा. हजेरीपटावर त्रेसष्ट नावे होती. त्यातली अकरा मुले लांब उणकलच्या नव्या घरांत राहायला गेली होती आणि तिकडच्याच इंग्रजी शाळेत बसत होती. बावन्न कळवले तर एक शिक्षक कमी होणार होता. सगळ्यांत शेवटी लागलेले दीपक मास्तर, म्हणून जाणार तेच. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, आणि बदली झाली तर ती दूरच्या तालुक्यात.

तपासणी येईल या भीतीने दीपक मास्तरांनी तुम्हाला एक धडा शिकवला. आठवतो ना? गेलेल्या मुलाचे नाव घेतले की शेजारच्याने "हजर" म्हणायचे. अक्कोरू एकदा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. प्रसादच्या नावाला किरण "हजर" म्हणाला, आणि सगळा वर्ग खुसूखुसू हसला. अक्कोरू आत आल्या. त्यांनी हजेरीपट मिटून उचलून नेला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याच दुपारी त्यांनी बावन्न लिहिले. मंडळाचे अध्यक्ष मारुतीअण्णा हुबळीचे कापड दुकान बंद करून धावत आले.

"अक्का, मंडळानं शाल घातली ती काय तुम्हाला थंडी वाजत होती म्हणून?" ते म्हणाले. "आज मास्तर गेला, उद्या शाळा जाईल. अकरा नावांनी कुणाचं पोट दुखतंय?"

"पोरं खोटं बोलायला शिकलीत अण्णा. तुमच्याच शाळेत."

दीपक मास्तर दाराशीच होते. "संघाच्या चिटणीस तुम्ही. माझी बाजू घ्यायची सोडून माझीच जागा खाता?"

"घेतलीय बाजू." अक्कोरूंनी दुसरा कागद पुढे केला. "मुलं कमी झाली तरी तीन वर्गांना तीन शिक्षक हवेत, असं संघातर्फे मुख्याध्यापिकेला पत्र लिहिलंय."

"म्हणजे तुम्ही तुम्हालाच पत्र लिहिलं. आता वाचणार कधी?" मास्तरांनी विचारले.

"वाचलं. वर पाठवतेय."

मारुतीअण्णा हसले. ते हसणे मला अजून टोचते.

मग अक्कोरूंनी संघाचा शिक्का माझ्यावर दाबला. तो कसाबसा उमटला. शाळेचा दाबला तर काहीच नाही. सुट्टीभर झाकणाविना उघडा पडून मी कोरडा झालो होतो. "थोडं पाणी घालू का?" म्हणत झाडलोट करणाऱ्या जनाबाईंनी चार थेंब घातले. बावन्नच्या खाली एक फिकट निळा डाग पडला आणि कागद गेला.

आठ दिवसांत तो परत आला. शिक्का वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.

मारुतीअण्णांचा चेहरा उजळला. "देवानंच परत पाठवला बघा. आता त्रेसष्ट लिहा आणि विषय सोडा."

दीपक मास्तर नुसते अक्कोरूंच्या हाताकडे बघत राहिले. अक्कोरूंनी कोरा कागद पुढे ओढला. मी मनातून म्हणत होतो, लिहा त्रेसष्ट. माझ्यामुळे एका माणसाचे घर उठायला नको. मी काही साधू नाही.

त्यांनी पिशवीतून शाईची नवी बाटली काढली. मला पोटभर पाजले. बावन्न लिहिले आणि शिक्का इतक्या जोराने दाबला की माझी डबी चेपली. ती अजून तशीच आहे.

मंडळाने शिक्का परत मागितला. संघाने चिठ्ठी पाठवून मागितला. संघातर्फे वर पाठवलेल्या पत्राला उत्तर आले नाही. पावसाळा सरायच्या आत दीपक मास्तरांना शाळेतून मोकळे केल्याचे पत्र अक्कोरूंनाच द्यावे लागले. मास्तरांनी त्यांच्याकडून संघाच्या पत्राची प्रतही मागून घेतली.

"यातलं कुठलं खरं समजायचं?" त्यांनी विचारले.

"दोन्ही मीच लिहिलीत."

मास्तरांनी दोन्ही कागद खिशात घातले आणि निघून गेले. नमस्कार केला नाही. अक्कोरू बोटांवरची शाई पुसत बसल्या. ती निघत नव्हती.

मित्रांनो, आता तुमच्या वर्गात दोन इयत्तांचा जोडवर्ग भरतो आणि त्याचा राग तुम्ही अक्कोरूंवर काढता. फळ्यावर त्यांचे चित्र काढून हसता. तिन्ही शिक्के एकाच हातात देणारी मोठी माणसेही त्या हाताच्या डागांना नावे ठेवतात. त्यांना मी सुधारू शकत नाही. तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. हजेरीत नाव पुकारले की आपल्यापुरतेच "हजर" म्हणा. आणि भुंगा केव्हाच मेला असेल, माझे झाकण आणून द्या.