जयमालाचा बुधवारचा उपवास

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. आबाजींनी मला वर्षानुवर्षे सायकलला लटकवून पिंपरीच्या कंपनीत नेले, पण आमटीचा थेंब कधी बाहेर आला नाही. अख्ख्या पिंपळे गुरवात माझ्या झाकणाचे नाव होते. आबाजी निवृत्त झाले आणि मी त्यांच्या सुनेच्या, जयमालाच्या वाट्याला आलो. ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते.

मित्रांनो, यंदा तिची बोटे सुजू लागली. सकाळी मूठसुद्धा वळेना. डॉक्टर म्हणाले, हा संधिवात आहे, तरुणपणीही होतो, गोळ्या जेवल्यावरच घ्यायच्या. जयमाला हादरली. लाइनवर कळले तर घरी बसवतील, या भीतीने तिने कोणालाच सांगितले नाही. पण माझ्या घट्ट कड्या तिला उघडेनात, आणि दुसऱ्या कोणाला सांगावे तर बिंग फुटायचे. मग कंपनीत ती म्हणू लागली, "आज उपास आहे." भरलेला डबा घरी नेला की म्हणायची, "कंपनीत वाढदिवस होता." गोळ्या पर्समध्येच राहिल्या.

सोमवारी महादेव झाला, मंगळवारी गणपती झाला. बुधवारी देव सुचेना, तरी तिने उपवास धरलाच. नेमकी त्याच दिवशी सासूने, शालनबाईंनी, माझ्यात सुकट भरली होती. आमटी मी अडवीन हो, पण सुकटीचा वास अडवणारे झाकण अजून जन्माला यायचे आहे!

जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेली तिची मैत्रीण आम्रपाली वास घेत म्हणाली, "जयमाला, हा कोणत्या देवाचा उपास गं? सुकटीवाल्या?"

जयमाला हसायला गेली आणि रडू लागली. "बोटं चालत नाहीत गं. डबाच उघडत नाही."

आम्रपालीने मला खटकन उघडले. "आधी खा. मग गोळी घे. रडायचं नंतर बघू. उद्या सुपरवायझरकडे दोघी जाऊ."

संध्याकाळी जयमालाने घरीही सांगून टाकले. शालनबाईंनी तिची बोटे बराच वेळ हातात धरली. "आगं, मला साठीत न्हाई आन् तुला कसा झाला गं ह्यो?" मग उठून त्यांनी पक्कड आणली आणि माझ्या दोन्ही कड्या सैल केल्या.

आबाजी कळवळले, "आगं, माजा डबा!"

"तुमी गप बसा. पोरगी जेवाय पायजे."

माझा तेव्हा चांगलाच अपमान झाला. सुपरवायझरने मात्र तिला घरी न बसवता तूर्त तपासणीच्या टेबलावर बसवले. तिची सूज अजून आहे, काही दिवस रडकुंडीला आणणारे असतात. मी आता गळतो, तिच्या पिशवीला पिवळा डागही पडलाय. पण दुपारी ती मला एका अंगठ्याने उघडते, पोटभर जेवते आणि गोळी घेते.

म्हणून मित्रांनो, कोणाच्या पिशवीतून आमटी गळताना दिसली, तर डब्याला नावे ठेवू नका. त्या माणसाला आधी विचारा, हात दुखतात का?