अंगठ्याखालची खाच

“माफी माग, रॉकेलच्या शेडची किल्ली दे आणि विषय संपव, लूर्दम्मा,” फादर म्हणाले.

“कशाची माफी? माझ्या मिश्रणाने इंजिन जाम झालेलं नाही.”

रविवार होता. एकही होडी समुद्रात नव्हती आणि सगळा गाव पहिली मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात उभा होता. आमच्या किनाऱ्यावरचे तंटे इथेच मिटतात. आजचा मात्र ऐकवत नव्हता, कारण लूर्दम्मावर आळ घेणारा तिचाच मुलगा क्लीटस होता. शुक्रवारी त्याच्या इंजिनाचा पिस्टन भर समुद्रात चिकटला आणि दुसऱ्या होडीने त्याला दोराने ओढून आणलं. रॉकेलमध्ये ऑइल कमी पडलं की असंच होतं. आणि गावातल्या चाळीस होड्यांसाठी रॉकेल-ऑइल कालवते ती लूर्दम्मा, गेली वीस वर्षं.

“अम्माला आता दिसत नाही हो,” क्लीटस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “परवा माझ्या पोरीला पुष्पमची पोर समजली. ऑइल किती पडतंय ते तिला काय कळणार?”

पुष्पम म्हणजे मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा समुद्रात बुडून गेल्यावर याच कामावर तिने या बाबाला लहानाचा मोठा केला होता. पण तिला दिसत नाही हे खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

लूर्दम्मा रडलीबिडली नाही. “तुझ्या टाकीत उरलंय ते आण,” ती म्हणाली.

“आता कशाला?”

“आण म्हणते ना! का भीती वाटते?”

लोक हसले. क्लीटस जागचा हलला नाही, तेव्हा त्याच्या होडीवरचा बर्नाडच जाऊन टाकी घेऊन आला. मला तिने शेडमध्ये शुक्रवारचं उरलेलं थोडं मिश्रण आणि माझ्या घरचं साधं रॉकेल आणायला पिटाळलं. वहीचे तीन कागद घेतले, प्रत्येकावर एकेक थेंब टाकला आणि कागद चर्चच्या पायरीवर उन्हात मांडले. उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर शिंपले ठेवले.

“रॉकेल उडून जातं, ऑइल जात नाही,” ती म्हणाली. “दुसरी मिस्सा होऊ दे.”

मिस्सा संपली तसे सगळे पायरीभोवती गोळा झाले. शेडमधल्या मिश्रणाचा चांगला रुंद, तेलकट डाग उरला होता. साध्या रॉकेलचा कागद जवळजवळ कोरा होता. तिसरा, टाकीतला, लूर्दम्माने उचलला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता चिमटीत चोळला.

“निम्मंसुद्धा ऑइल नाही. यात कुणीतरी साधं रॉकेल ओतलंय.”

बर्नाड क्लीटसकडे वळला. “सांग की रे! घरचा कॅन होडीत कुणी चढवला होता?”

क्लीटस वाळूकडे बघत होता. “मासळीच्या मागे लांब गेलो. परतीला पुरेना. स्टोव्हचं होतं ते ओतलं... थोड्याने काय होतंय, वाटलं.”

“झालं तर मग,” फादर घाईने म्हणाले. “किल्ली तुझ्याकडेच राहू दे, लूर्दम्मा. बाकीचं घरात मिटवा.”

“गावात बोललाय, गावातच मिटेल. माझे डोळे गेलेत, हे मीच सांगते. तेवढं खरं. पण माप माझ्या डोळ्यांत कधी नव्हतंच. आता हा सांगेल, अम्माचा हात चुकला नाही म्हणून. मोठ्याने.”

त्याने सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, तर तिने पुन्हा सांगायला लावलं.

सोमवारी पहाटे क्लीटस रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता, उसन्या इंजिनासाठी रॉकेल न्यायला. त्याच्या कॅनचा पोचा हाताला लागताच लूर्दम्माने ओळखलं. तिने माप पुढे ओढलं. माप म्हणजे नवऱ्याने बनवलेलं बांबूचं नळकांडं, तोंडाशी आतून एक खाच पाडलेलं. वीस लिटरला एक नळकांडं. अंगठा खाचेवर ठेवून ओतायचं आणि ऑइल अंगठ्याला लागलं की थांबायचं.

“हात दे,” ती म्हणाली.

तिने त्याचा अंगठा आत घालून खाचेवर दाबून धरला आणि ऑइल ओतायला लागली.

“लागलं?”

“लागलं, अम्मा.”

“मग थांबायचं,” ती म्हणाली. मापातलं ऑइल कॅनमध्ये निथळून जाईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.