उत्तरेचा छज्जा

धम्मदीप मेलबर्नहून परत आला तेव्हा धायरीत त्याच्याबद्दल दोन मतं होती. एक, त्याला तिकडून काढलं. दुसरं, त्याला तिकडे कुणी घेतलंच नव्हतं. तो स्वतः काही बोलत नसे, त्यामुळे लोकांची सोयच झाली. खरं इतकंच होतं की नऊ वर्षं त्याने परक्यांच्या बाथरूमांचे आणि गॅरेजांचे नकाशे काढले आणि प्रत्येक नकाशाखाली सही दुसऱ्याची झाली. आर्किटेक्ट म्हणवणारा माणूस चाळिशीला आला, आणि उभ्या जगात त्याच्या नावाची एक भिंत नव्हती. हे त्याला सलायचं, चांगलंच सलायचं.

म्हणून विहारामागच्या जागेत अभ्यासिका बांधायचं ठरलं, तेव्हा ते काम त्याने हट्टाने मागून घेतलं. वस्तीतली पोरंपोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास घरातल्या टीव्हीच्या आवाजात करत होती. बांधकाम समितीचे अध्यक्ष हिंमतराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, म्हणाले, "फॉरेनचं डोकं आहे, वापरू." चौदा एप्रिलला उद्घाटन ठरलं. दारापाशी पाटी लागणार होती आणि तिच्यावर आर्किटेक्ट म्हणून धम्मदीपचं नाव येणार होतं. ती पाटी तो मनात रोज वाचायचा.

जानेवारीत भिंती उभ्या राहिल्या. उत्तरेच्या खिडक्यांवर चार फुटी छज्जा ओतून झाला. दक्षिणेला मोठाल्या, उघड्या खिडक्या. वर स्लॅबच्या फळ्या आणि सळया बांधून झाल्या होत्या, ओतायचं तेवढं बाकी होतं. एका दुपारी त्याची आई यमुनाबाई डबा घेऊन आली आणि जिथे टेबलं मांडायची होती तिथेच टेकली. दोन मिनिटांत डोक्यावर पदर ओढून उठली.

"ऊन ह्या अंगानं येतंय," ती म्हणाली, "आन छत्री तू त्या अंगाला धरलीस व्हय?"

धम्मदीपचा घास हातातच राहिला. मेलबर्नमध्ये सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, इथे बहुतेक वर्षभर दक्षिणेच्या. नऊ वर्षं तो छज्जे उत्तरेलाच काढत आला होता, आणि इथेही हाताने डोक्याला न विचारता तेच केलं. थंडीत आई त्याला ऊन खायला ज्या भिंतीशी बसवायची ती घराची दक्षिणेची भिंत होती. तेवढंही त्याला आठवलं नव्हतं. आईकडे बघायची त्याला लाज वाटली.

"सुखदेव, तुम्हाला दिसलं नाही?" त्याने मिस्त्रीला विचारलं.

"दिसलं ना साहेब," सुखदेव म्हणाला. "मले वाटलं तिकडची फॅशन असंन."

फॉरेनच्या डोक्याला कुणी शंका विचारत नाही, त्यातली ही गत.

संध्याकाळी तो स्वतःच हिंमतरावांच्या घरी गेला. जय भीम केला आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. हिंमतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "दक्षिणेला हिरवी जाळी बांधू. आणि पाटीवर आर्किटेक्टचं नाव नको, नुसतं 'बांधकाम समिती' टाकू. तुझंच भलं आहे त्यात. एवढं परदेशात राहून आलास, लोक काय म्हणतील?"

नाव नाही तर चूकही नाही. वाट सोपी होती, आणि क्षणभर धम्मदीपचा पाय तिकडे वळलाही. मग त्याला ते नऊ वर्षांचे नकाशे आठवले आणि त्याचं डोकं फिरलं.

"जाळीच्या अंधारात पोरं वाचणार नाहीत, काका. वरचा स्लॅब अजून ओतायचाय. तो दक्षिणेला पाच फूट बाहेर काढतो. सळया नव्याने मांडून देतो, दोन दिवस द्या."

"आणि उत्तरेचा छज्जा? तो तोडणार?"

"नाही. राहील तो."

"अरे, येणारा-जाणारा विचारेल, हा कशाला म्हणून."

"विचारू द्या. माझं नाव दारापाशी नको. त्या छज्ज्याखाली लावा."

"लोक हसतील, धम्मदीप."

"कुणाला हसायचं ते तरी त्यांना नीट कळेल," तो म्हणाला. "नऊ वर्षं माझ्या बरोबर कामाखाली दुसऱ्याचं नाव लागलं. आता माझ्या चुकीखालीसुद्धा माझंच पाहिजे."

हिंमतरावांनी चष्मा काढून ठेवला. मग आत चहा सांगितला.

चौदा एप्रिलला भर बाराच्या उन्हात अभ्यासिकेतल्या एकाही टेबलावर ऊन नव्हतं. यमुनाबाईने प्रत्येक टेबलावर तळवा ठेवून खात्री केली. प्रमुख पाहुणे बाहेरून चक्कर मारत उत्तरेला आले. छज्ज्याच्या सावलीत नुसत्या चपला काढलेल्या होत्या.

"हा छज्जा इकडे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

हिंमतराव घाईघाईने काहीतरी सांगायला पुढे झाले. धम्मदीपने त्यांना हाताने थांबवलं.

"चुकलाय तो," तो म्हणाला. "कुणाचा चुकला ते खाली लिहिलंय. वाचा."