झेन्झीच्या तळघरातली बिअर

जन्मभर तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा नवरा एक दिवस अचानक "छान झालंय" म्हणायला लागला, तर बायांनो, सावध व्हा. माझा ओटमार पानगळीत तापातून उठल्यापासून सगळ्यालाच छान म्हणत होता. डुकराचं मांस छान, कोबी छान, कालचं उरलेलं सूपसुद्धा छान. एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तर हा चुलीशेजारी पेपर वाचत बसलेला. जागचा हलला नाही. ओरडले तर म्हणे, "विचारात होतो." कुणाच्या, ते काही सांगितलं नाही.

मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग तो झेन्झीचा प्रकार झाला. झेन्झी म्हणजे खालच्या आळीतली विधवा, पण गाल अजून लालबुंद. आमच्या गावात बिअरचा काढा सगळ्यांचा मिळून एकाच भट्टीवर शिजतो. मग ज्याने त्याने आपला वाटा घरी न्यायचा आणि आपल्या तळघरात आंबवायचा. काढा एक, रंग एक, पण तळघर बदललं की चव बदलते. झेन्झीच्या तळघराला लागूनच मांसाला धुरी द्यायची खोली आहे. तिच्या बिअरला धुराचा असा वास मारतो की दारातूनच कळावं. ओटमार दर वर्षी म्हणायचा, "ही प्यायची, की पावावर ठेवून खायची?" आणि यंदा तिच्याकडे चाखायला गेला तेव्हा चारचौघांत म्हणाला, "वा झेन्झी! मध, भाजलेल्या पावाची कड, शेवटी सुकं अंजीर."

झेन्झी लाजली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे तर तो दर वर्षी आमच्या पिंपाबद्दल म्हणायचा ते शब्द! आणि चुकून बोलला म्हणावं, तर ओटमारचं नाक म्हणजे अख्ख्या गावाचं नाक. तो हो म्हणाल्याशिवाय कुणी पिंप उघडत नाही. हा माणूस धुराला मध म्हणतो, याचा अर्थ काय घ्यायचा बायकोने?

पुढच्या रविवारी आमच्या पिंपाची चाखणी होती. उपासाच्या दिवसांतली जड बिअर ती, दोन मग पोटात गेले की गुडघे ऐकत नाहीत. चर्चमधून येताना मी सुरई घेऊन झेन्झीकडे गेले आणि तिची थोडी बिअर मागितली.

"तुझाही जीव जडला का माझ्या बिअरवर, वाली?" ती हसत म्हणाली.

"आणखी कुणाचा जडलाय?"

"अगं, तुझ्या ओटमारचा!"

निर्लज्ज कुठली. मी सुरई उचलली आणि निघाले.

घरी शेजारचा लेओनहार्ट येऊन बसला होता. मी आत जाऊन ओटमारच्या मगात झेन्झीची बिअर ओतली, लेओनहार्टच्या आणि माझ्या मगात घरची. घोट घेतला की तिची चव ओळखेल, दचकेल, लाल होईल, आणि मग बघते कसा सुटतो ते. लेओनहार्ट मग धरून थांबला. घरधनी बोलल्याशिवाय आमच्यात कुणी तोंड लावत नाही.

ओटमारने मग खिडकीकडे धरला. नाकाशी नेला. घोट घेतला, डोळे मिटले. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"मध," तो म्हणाला. "भाजलेल्या पावाची कड. शेवटी सुकं अंजीर."

"अगदी अगदी!" लेओनहार्टने घाईघाईने घोट घेतला. "वाली वहिनी, यंदा कमाल केलीत तुम्ही."

ओटमार लाल झाला नाही. तो चोरून लेओनहार्टच्या चेहऱ्याकडे बघत होता, त्याला पटलं की नाही ते. मी त्याच्या हातातून मग घेतला आणि हुंगला. धूर डोळ्यांपर्यंत गेला. आणि मला ते करपलेलं दूध आठवलं.

लेओनहार्ट गेल्यावर मी माझा आणि त्याचा असे दोन्ही मग ओटमारपुढे ठेवले. "यातली झेन्झीची कुठली, सांग."

त्याने एक हुंगला, दुसरा हुंगला. पुन्हा पहिला. मग दोन्ही खाली ठेवले.

"त्या तापात गेलं," तो म्हणाला. "नाक. आंबट, कडू, खारट तेवढं जिभेला कळतं. बाकी काही नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"गाव मला विचारतं ते नाकासाठी. ते गेल्यावर मी कोण? आणि तुझं जेवण... चवच लागत नाही, तर भांडू कशावरून? म्हणून छान म्हणत गेलो."

मला राग आला, लाज वाटली, आणि इतकं हायसं वाटलं की रडूच कोसळलं. "मेल्या, मी तुला झेन्झीच्या गळ्यात बांधून मोकळी झाले होते!"

"झेन्झीच्या?" तो खरोखरच घाबरला. मग हसला. त्याने दोन्ही मग माझ्याकडे सरकवले.

"आपली कशी झालीय? खरं सांग."

मी आमच्या बिअरचा मग उचलून प्यायले. "कडू आहे."

"कडू मलाही कळतं, बाई! कडूच्या मागे काय आहे?"

मला सांगता येईना. आजवर तो बोलायचा आणि मी मान डोलवायची.

"कोंबडीसारखी गिळू नकोस," तो खेकसला. "तोंडात धर. नाकातून श्वास सोड."

किती महिन्यांनी माझ्यावर खेकसला! मी पुन्हा घोट घेतला, तोंडात धरला आणि शोधायला लागले. तो कोपर टेबलावर टेकून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता, मी काय सांगते याची वाट बघत.